गोचीड कातडीत रुतली आहे. तेल टाकून किंवा काडीचा चटका देऊन काढावी का?

नाही, दोन्ही टाळा. डिवचलेली गोचीड आपली लाळ जखमेत सोडू शकते, आणि रोगजंतू शरीरात शिरतात ते मुख्यतः त्या लाळेतूनच. शिवाय तिच्या सोंडेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. बऱ्याच जाती तर सिमेंटसारखा चिकट स्राव सोडून स्वतःला घट्ट बसवतात. त्यामुळे ती आपणहून सुटेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही.

बारीक टोकाचा चिमटा घ्या. पोटाला नव्हे, अगदी कातडीलगत तोंडापाशी पकडा (फुगलेलं पोट दाबलं की आतला द्रव जखमेत जायची भीती) आणि सावकाश, एकसारख्या जोराने सरळ वर ओढा. पिळलं किंवा हिसका दिला तर सोंड तुटते. तुटलाच तुकडा आणि सहज निघत नसेल तर उकरू नका, कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. जागा साबणाने धुऊन स्पिरिट लावा. गोचीड बोटांनी चिरडू नका, स्पिरिटमध्ये बुडवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना चावल्याची तारीख सांगा.

सहा पाय दिसले म्हणून कीटक समजू नका: ते गोचिडीचं पिल्लू. कात टाकल्यावर कोळ्या-विंचवांसारखे आठ होतात.