वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील विद्यार्थी-मंडळे आणि आपली सेवा योजना

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांत मुलांच्या फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या सोरॉरिटी नावाच्या मंडळांकडून मोठे समाजकार्य होते, असे आमच्या स्वयंसेवकांच्या वाचनात आले असून, तशी मंडळे आपणही काढावीत असा त्यांचा आग्रह आहे. आपले मत काय?

उत्तर : मंडळे काढू नयेत; त्यांतील काहींची कामाची पद्धत मात्र अवश्य उचलावी. १९२५ साली लाफायेत महाविद्यालयात निघालेली अल्फा फाय ओमेगा ही केवळ सेवेसाठी स्थापन झालेली संस्था सोडली, तर बहुतेक मंडळांचा गाभा मैत्री, सहनिवास आणि पुढे उपयोगी पडणाऱ्या ओळखी हाच आहे. सभासद निवडून घेतले जातात, वर्गणी भारी असते आणि नवागताची कसोटी पाहण्याच्या नावाखाली झालेल्या छळात तेथे विद्यार्थ्यांचे जीवही गेले आहेत. आपल्या राज्यात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. ही पीडा सेवेच्या निमित्ताने पुन्हा ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

आपल्या स्वयंसेवकांनी बहुधा पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील 'थॉन'विषयी वाचले असावे. १९७३ मध्ये तेथील फ्रॅटर्निटींनी सुरू केलेल्या या नृत्य-मॅरेथॉनमध्ये विद्यार्थी ४६ तास न बसता, न झोपता उभे राहतात, आणि १९७७ पासून त्यातून जमणारा निधी कर्करोगग्रस्त मुलांच्या उपचारांसाठी दिला जातो. तासांचा विक्रम डोळ्यांत भरतो खरा, पण आम्हांला महत्त्वाचे वाटते ते एकाच कामाशी इतकी वर्षे टिकलेले नाते.

त्याहून मोलाचे उदाहरण अल्फा कप्पा अल्फा या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सोरॉरिटीचे आहे. १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झालेल्या या संघटनेने १९३५ ते १९४२ या काळात उन्हाळ्यात मिसिसिपीतील कापूस पिकवणाऱ्या भूमिहीन कुटुंबांसाठी आरोग्य प्रकल्प चालवला. डॉ. डोरोथी फेरेबी त्याच्या वैद्यकीय प्रमुख होत्या. ठरावीक ठिकाणी दवाखाने मांडून बसण्याचा मूळ बेत फसला, कारण मळेवाले मजुरांना तेथे जाऊ देईनात. तेव्हा या स्त्रियांनी औषधे आणि लसी आपल्या मोटारींत भरल्या आणि दवाखानाच मळ्यांवर नेला. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की हे काम मुख्यतः शिक्षण संपवून डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका झालेल्या सभासदांनी केले. पदवी मिळाली म्हणून त्यांचे सभासदत्व संपले नव्हते.

आता आपल्याकडे पाहू. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर अशी चौकट आहे, आणि त्यासाठी कोणाची निवड वा वर्गणी लागत नाही. उणीव आहे ती वेळेची आणि सातत्याची. शिबिर बहुधा हिवाळ्यात भरते, आणि नेमके तेव्हा तुमच्या भागातील कित्येक गावांतील धडधाकट माणसे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फेडण्यासाठी कोयते घेऊन साखर कारखान्यांवर ऊसतोडीला गेलेली असतात. दारांना कुलपे, ओसरीवर म्हाताऱ्या आजी आणि त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडे, अशा गावात शोषखड्डे खणून आणि समारोपाचे छायाचित्र काढून आपण परततो! त्यापेक्षा मागे राहिलेल्या मुलांची संध्याकाळची अभ्यासिका हंगामभर चालवावी. शक्य असल्यास जवळच्या कारखान्यावर जावे. पहाटे उसाच्या फडात गेलेली जोडपी कोपीवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीवर, सापडत नाहीत, पण उसाची बैलगाडी खाली होण्यासाठी नंबर लागेपर्यंत ती कारखान्यात ऊस उतरवण्याच्या जागेजवळ, म्हणजे गव्हाणीजवळ, ताटकळत असतात, तेथे ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांच्या मदतीने स्त्रियांची रक्ततपासणी करता येईल. यासाठी परिचारिका किंवा शिक्षक झालेल्या माजी स्वयंसेवकांची यादी करून त्यांना दरवर्षी बोलवावे, कारण दोन वर्षांनी प्रमाणपत्र हाती पडले की मुले पांगतात आणि पुढच्या तुकडीला गावाची ओळख नव्याने करून घ्यावी लागते.

प्रश्न : माझी मुलगी पदवी शिक्षणासाठी अमेरिकेत गेली असून सोरॉरिटीत जाऊ म्हणते. तिला परवानगी द्यावी का? (एक पालक, लातूर)

उत्तर : द्यावी, पण चौकशी करून. वर्षाची एकूण वर्गणी किती, राहण्याचा खर्च त्यात धरला आहे का, आणि गेल्या वर्षी सभासदांनी स्वतः कोणते काम केले, हे तिने विचारावे; केवळ निधी जमवल्याचे उत्तर मिळाले तर पुन्हा विचारावे. नवागतांच्या छळाची प्रकरणे विद्यापीठांनी जाहीर करावीत असा कायदा तेथे डिसेंबर २०२४ मध्ये झाला आहे. त्यामुळे ती माहिती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधावी, आणि त्या मंडळाचे नाव त्यात आढळल्यास विषय तेथेच थांबवावा.