"मी तसली नाही" हे कडवं तेवढं काढ

"मावशी, व्हिडिओ डिलीट करू का?" असं पत्रात विचारलंयस ना, तर आधी उत्तर देते, अजिबात करू नकोस.

बाकीच्यांसाठी पत्र थोडक्यात सांगते. ही सोलापूरची मुलगी, बावीस वर्षांची, कॉलेजच्या गॅदरिंगला स्वतः लिहिलेलं रॅप म्हणाली. गड्ड्याच्या यात्रेतून भाऊ रात्री एकला घरी आला तरी ताट वाढलेलं असतं आणि हिला आठ वाजले की फोनवर फोन, भावाच्या तीन गर्लफ्रेंड झाल्या तर काका कौतुकाने सांगतात आणि हिचं एक ब्रेकअप झालं तर पोरगी हाताबाहेर गेली, असं ते गाणं. व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर पोचला, काका म्हणाले घराण्याची अब्रू घालवलीस, आई बोलेना झाली, आणि बार्शीच्या स्थळाकडून निरोप आला की आधी व्हिडिओ काढा मग बघू.

तू पाठवलेले शब्द मी चार वेळा वाचले गं. भावाच्या शर्टाला परक्या सेंटचा वास आला तर आई गुपचूप तो शर्ट धुवून टाकते आणि तुझी ओढणी मात्र हुंगून बघते, ही ओळ वाचून मी थांबलेच, इतकं खरं आहे ते, आणि मला वाटतं आईला लागलं असेल तर तेच लागलं असेल.

पण तिसरं कडवं मला पटलं नाही. तिथे तू म्हणतेस, मी नाही तसली, तसली ती मागच्या गल्लीतली. अगं, काका जी फूटपट्टी घेऊन बसलेत तीच तू उचललीस की, फक्त स्वतःला सोडून दुसऱ्या पोरीला लावलीस. ती मागच्या गल्लीतली कोणाबरोबर फिरते, रात्री किती वाजता येते, हा तिचा प्रश्न आहे ना?

आपल्या जिल्ह्यातलीच जनाबाई बघ. पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी बाई, सातशे वर्षांपूर्वी म्हणते, डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी, आणि शेवटी तर देवालाच सांगते की मी वेसवा, म्हणजे वेश्या झाले, तुझं घर गाठायला निघाले. मी चांगल्या घरची आहे, माझ्याबद्दल तसलं बोलू नका, असं ती कुठेच म्हणत नाही. लोक जे म्हणून घाबरवतात ते तिने स्वतःच म्हणून टाकलं, मग घाबरवणार कशाने?

अमेरिकेत १९५२ साली एका पुरुषाचं गाणं गाजत होतं, संसार सोडून बारच्या झगमगाटात गेलेल्या बाईला दोष देणारं, त्याला किटी वेल्स नावाच्या गायिकेने गाण्यानेच उत्तर दिलं की लग्न झालेले पुरुष अजून सडे असल्यासारखे फिरतात त्यांचं काय. एनबीसी रेडिओने ते गाणं लावायचं नाकारलं तरी ते कंट्री गाण्यांच्या यादीत एक नंबरला गेलं. आणि तू रॅप करतेस म्हणून सांगते, सॉल्ट-एन-पेपा ह्या बायकांना १९९५ ला ग्रॅमी मिळालं ते ज्या गाण्याला, त्यात त्या सरळ विचारतात की मी रात्री कोणाला घरी नेते हे विचारणारे तुम्ही कोण.

काकांचा राग शृंगारावर आहे असं मला वाटत नाही. शाहीर राम जोशी आपल्या सोलापूरचेच, पेशवाईतल्या त्यांच्या लावण्यांमध्ये बाईच्या तोंडी काय कमी शृंगार आहे का, पण लिहिणारा पुरुष म्हणून तो मानाचा शाहीर. आणि तीच लावणी जन्मभर नाचून गाऊन जिवंत ठेवणारी विठाबाई नारायणगावकर, जन्म पंढरपूरचा, राष्ट्रपती पुरस्कार मिळूनही शेवटी पैशापायी हाल झाले तिचे, मला अजून त्याचा राग येतो. तू स्वतः लिहिलंस, स्वतःच्या नावाने म्हणालीस, "ती" न म्हणता "मी" म्हणालीस, खटकलंय ते हे.

आता आईचं. ग्रुपवर एक अक्षर लिहू नकोस, आईला एकटीला गाठ, काका घरी नसताना, आणि तिच्या तरुणपणी तिला कशाकशाला अडवलं ते विचार, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. ती लगेच तुझ्या बाजूने होईल असं नाही, वेळ लागेल.

स्थळाचं म्हणशील तर त्या मुलाशी स्वतः बोलायला माग. व्हिडिओ काढा हे तो म्हणतोय की त्याच्या घरचे, आणि त्याने गाणं पूर्ण ऐकलंय का, एवढं विचार. तोच म्हणत असेल तर लग्नाआधीच कळलं, बरं झालं.

कमेंट्स काही दिवस बंद ठेव. कोणी धमकी दिली किंवा फोटो एडिट करून फिरवला तर उत्तर न देता स्क्रीनशॉट काढ, लिंक जपून ठेव आणि सायबर पोलिसांकडे तक्रार कर, नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर घरबसल्याही करता येते, पोलिसांकडे जायचं झालं तर मैत्रिणीला बरोबर ने. आणि तिसरं कडवं नवीन लिहून झालं की मला पाठव, मागच्या गल्लीतली ती पोरगी त्यात तुझ्या शेजारी उभी असू दे.

तुझी मावशी