उमेदवाराची बदललेली भूमिका : प्रश्न विचारावा तो कसा?

प्रश्न : आमच्या मतदारसंघातील एक उमेदवार काही वर्षांपूर्वी एका मोठ्या औद्योगिक प्रकल्पाच्या विरोधात आमच्यासोबत रस्त्यावर बसले होते. आता ते त्याच प्रकल्पाचे समर्थन करतात आणि त्या दिवसांचा उल्लेखही टाळतात. परवाच्या कोपरा सभेत एका तरुणाने ‘तुम्ही पलटी का मारली?’ असे विचारले, तेव्हा ‘काळ बदलला, तुम्हीही बदला’ एवढे बोलून त्यांनी टाळ्या घेतल्या. अशा वेळी नेमके काय विचारावे?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : त्या तरुणाचा राग समजण्यासारखा आहे, पण त्याच्या प्रश्नात तारीख नव्हती, ठिकाण नव्हते आणि उमेदवाराचे स्वतःचे असे एकही वाक्य नव्हते, त्यामुळे उत्तरातही त्यांपैकी काही असण्याची गरज उरली नाही. ‘पलटी’ या शब्दाने उमेदवाराला आयतीच सोय झाली. आरोप झाला की तो टोलवता येतो. तपशील समोर ठेवला की त्याला हात घालावाच लागतो.

आपल्याच जिल्ह्यातील दाभोळ वीज प्रकल्पाचे उदाहरण घ्यावे, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक पक्षाने आपली जुनी भूमिका सोडलेली दिसते. एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी प्राथमिक सामंजस्य करार जून 1992 मध्ये झाला आणि वीजखरेदीचा करार डिसेंबर 1993 मध्ये. दोन्ही वेळा राज्यात काँग्रेसचे सरकार होते. 1995 च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने या कराराविरुद्ध रान उठवले आणि प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा गाजली. सत्तेवर आल्यावर उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कराराची छाननी केली. स्पर्धात्मक निविदा न मागवता प्रकल्प दिला गेला, वाटाघाटी गुप्तपणे झाल्या आणि विजेचा दर फार चढा आहे, असे तिचे प्रमुख आक्षेप होते. ऑगस्ट 1995 मध्ये सरकारने करार रद्द केल्याचे जाहीर केले आणि नंतर ते उच्च न्यायालयातही गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेरवाटाघाटींसाठी गट नेमला गेला आणि जानेवारी 1996 मध्ये त्याच सरकारने त्याच कंपनीबरोबर प्रकल्पाला पुन्हा मंजुरी दिली.

आता समजा, त्या वर्षी एखाद्या सत्ताधारी आमदाराला गुहागरच्या सभेत प्रश्न विचारायचा असता. ‘बुडवणार होता, मग तरंगवला कसा?’ या प्रश्नावर हशा पिकला असता आणि विषय तिथेच संपला असता. त्याऐवजी असे विचारता आले असते : ‘ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने करारावर जे आक्षेप घेतले, त्यांपैकी जानेवारीपर्यंत कोणते दूर झाले? दर कमी झाल्याचे आपण सांगता, ते मान्य करू. पण निविदा तर आजही मागवलेल्या नाहीत. रद्द म्हणून जाहीर केलेला प्रकल्पाचा दुसरा टप्पाही नव्या व्यवहारात आला आहे आणि एकूण क्षमता 2015 मेगावॉटवरून 2184 मेगावॉटवर गेली आहे. ज्याला महाग म्हटले, तेच अधिक प्रमाणात घेण्याचे कारण काय?’ या प्रश्नात कोठेही अपशब्द नाही, आणि उत्तर देणाऱ्याला ‘काळ बदलला’ म्हणून निसटताही येत नाही, कारण मधल्या काळात जेमतेम पाच महिने गेले होते.

दुसऱ्या बाजूलाही तोच न्याय लावला पाहिजे. पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला, राज्य वीज मंडळाला त्या विजेचा दर पेलेनासा झाला आणि 2001 मध्ये मंडळाने ती वीज घेणे बंद केले. तेव्हा राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार होते. मूळ करार ज्यांच्या काळात झाला, त्यांच्यापैकी अनेक जण या सरकारात होते. त्यांनाही विचारता आले असते की, 1993 मध्ये हे आकडे आपल्यासमोर नव्हते काय? प्रश्न एकाच पक्षाला विचारला, की ऐकणारे त्याला प्रश्न न समजता प्रचार समजतात, आणि त्यांचे फारसे चुकतही नाही.

राजापूर तालुक्यातील नाणार आणि बारसू या गावांची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये शिवसेना-भाजप युती जाहीर करताना तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तेलशुद्धीकरण प्रकल्प नाणारहून हलवण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजापुरात फेरविचाराचे सूतोवाच केले. नाणारला विरोध करणाऱ्या शिवसेनेचे नेते उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्री असताना जानेवारी 2022 मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून त्या प्रकल्पासाठी बारसूची जागा सुचवली आणि मे 2023 मध्ये ते बारसूच्या आंदोलकांच्या बाजूने उभे राहिले. लोकांना मान्य असेल तरच प्रकल्प व्हावा अशी आपली भूमिका होती, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. ते पटते की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पण ते पत्र आणि ती घोषणा तारखेसह हाती असल्यामुळेच स्पष्टीकरण देणे भाग पडले, हे विसरू नये. आपल्या उमेदवाराच्या बाबतीतही आधी अशी एखादी तारीख आणि असे एखादे वाक्य शोधावे.

प्रश्न : उमेदवार पूर्वी काय बोलला, हे सामान्य माणसाने शोधायचे कोठे? समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या जुन्या चित्रफिती पुराव्यादाखल दाखवाव्यात काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : चित्रफितीपासून सुरुवात करू नये. तीस सेकंदांच्या तुकड्यात आधीचे ‘जर’ आणि नंतरचे ‘तर’ हमखास गळालेले असते, शिवाय हल्ली बनावट आवाज आणि चेहराही सहज तयार करता येतो. संपूर्ण भाषण मिळाले तरच ते वापरावे.

उमेदवार पूर्वी आमदार किंवा खासदार असेल, तर सभागृहातील त्याची भाषणे आणि त्याने विचारलेले तारांकित प्रश्न कार्यवृत्तात नोंदलेले असतात, आणि ही कार्यवृत्ते विधानमंडळाच्या व संसदेच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. त्याने मतदान कसे केले, हे मात्र बहुतेक वेळा सापडत नाही. आपल्याकडे बरीचशी विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. मतविभागणी मागितली गेली तरच कोण कोणत्या बाजूला होते याची नोंद राहते. म्हणून ‘आपण या कायद्याच्या बाजूने मत दिले होते’ असे ठामपणे म्हणण्याआधी मतविभागणी झाली होती का, ते पाहावे. नाहीतर पहिल्याच वाक्याला उमेदवार आपल्याला खोटे ठरवील आणि पुढचे कोणी ऐकणार नाही.

जिल्हा परिषद, पंचायत समिती किंवा नगरपालिकेतून वर आलेल्या उमेदवाराच्या बाबतीत सभांची इतिवृत्ते हा मोठा ठेवा असतो. ती माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तरासाठी कायद्याने तीस दिवसांची मुदत दिली आहे. अर्ज आचारसंहिता लागल्यावर केला, तर कागद येईपर्यंत निकाल लागलेला असतो. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे असतील, तर तेही चाळावेत. जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावरील दोन रकान्यांच्या बातमीत उमेदवाराचे जे वाक्य सापडते, ते राजधानीच्या बातम्यांत कधीच आलेले नसते.

आणखी एक कागद बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. उमेदवारी अर्जासोबत नमुना 26 मध्ये जे शपथपत्र द्यावे लागते, त्यात मतांविषयी काहीच नसते. परंतु शेतजमिनीच्या रकान्यात गाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्र आणि जमीन स्वतः घेतली असल्यास खरेदीची तारीख व किंमत लिहावी लागते. लागोपाठच्या दोन-तीन निवडणुकांची शपथपत्रे शेजारी ठेवून वाचावीत. प्रकल्पाविषयीचे मत बदलले त्याच सुमारास प्रकल्पाजवळ जमीन घेतलेली दिसली, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, आणि तसा आरोप करणे अन्यायाचे आणि अंगाशी येणारेही ठरेल. पण ‘ही खरेदी आणि हा मतबदल यांचा काही संबंध आहे काय?’ असे सरळ विचारायला हरकत नाही, कारण दोन्ही गोष्टी उमेदवाराने स्वतःच जाहीर केलेल्या असतात.

प्रश्न : मत बदलणे हा काय गुन्हा आहे? अनुभवाने शहाणे होणाऱ्या माणसाला आपण जुन्या वाक्यांत अडकवून ठेवत नाही काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गुन्हा मुळीच नाही, आणि जन्मभर एकच वाक्य बोलणारा उमेदवार मला तरी धोक्याचा वाटतो. म्हणूनच कारण विचारायचे.

वस्तू व सेवा कराचा (जीएसटीचा) इतिहास पाहा. संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने 2011 मध्ये त्यासाठी 115 वे घटनादुरुस्ती विधेयक आणले, तेव्हा गुजरात आणि मध्य प्रदेश या भाजपशासित राज्यांनी विरोध केला. वस्तू जिथे बनते तिथला कर बुडून ती जिथे खपते तिथे जाणार, मग उत्पादक राज्यांचे नुकसान कोण भरून देणार, हा त्यांचा आक्षेप होता. पुढे 2014 मध्ये भाजप केंद्रात सत्तेवर आला, त्याच वर्षी 122 वे घटनादुरुस्ती विधेयक आले आणि 1 जुलै 2017 पासून हा कर लागू झाला. याला कोणी कोलांटउडी म्हटले, तर ते खोटे नाही. पण नव्या व्यवस्थेत राज्यांच्या महसुलात दरवर्षी 14 टक्के वाढ गृहीत धरून पाच वर्षे भरपाई देण्याची कायदेशीर हमी होती. म्हणजे मूळ आक्षेपाला निदान काही उत्तर सापडले होते. ज्या काँग्रेसने या कराचे विधेयक प्रथम आणले, तिने पुढे कराच्या दरावर 18 टक्क्यांची मर्यादा घटनेतच लिहावी असा आग्रह धरला. मग ती मर्यादा तिच्या स्वतःच्या विधेयकात का नव्हती, हे विचारणेही रास्तच होते.

मला यातून एकच कसोटी उपयोगी वाटते. बदलाचे जे कारण आज सांगितले जाते, ते आधीच्या भूमिकेच्या वेळी ठाऊक होते काय? ठाऊक असूनही तेव्हा दडवले असेल, तर तेव्हाची भूमिका दिखाऊ होती. ते खरोखर नंतर कळले असेल, तर मतबदलाला दोष देता येत नाही. उमेदवाराची खुर्ची विरोधी बाकांवरून सत्तेच्या बाजूला सरकली त्याच आठवड्यात कारणही सापडले असेल, तर मात्र जरा जास्त वेळ विचारत राहावे.

प्रश्न : आमचे आमदार म्हणतात, ‘ती पक्षाची भूमिका होती, माझे हात बांधलेले होते.’ हे कितपत खरे आहे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : अर्धे खरे आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) मतदान केल्यास, किंवा परवानगीशिवाय मतदानाला गैरहजर राहिल्यास, पंधरा दिवसांत पक्षाने ते माफ केले नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो. मतदानापुरते हात बांधलेले असतात, ते असे. परंतु सभागृहात प्रश्न विचारणे, लक्षवेधी मांडणे, अशासकीय विधेयक आणणे, पक्षाच्या बैठकीत आपले मत नोंदवणे यांना पक्षादेशाची आडकाठी सहसा नसते. म्हणून विचारावे : ‘आपले मत वेगळे होते, हे सांगणारी एखादी नोंद त्या वेळची आहे काय?’

विदर्भात हे उत्तर विशेष ऐकू येते. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने 1955 मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. भाजपने 1997 मध्ये भुवनेश्वरच्या बैठकीत स्वतंत्र विदर्भाच्या बाजूने ठराव केला, पण राज्यातील त्याचा मित्रपक्ष असलेल्या शिवसेनेचा या मागणीला कायम विरोध होता. केंद्रात भाजपच्या नेतृत्वाखालील सरकार असताना 2000 मध्ये छत्तीसगड, उत्तराखंड (तेव्हाचे उत्तरांचल) आणि झारखंड झाले, विदर्भ मात्र झाला नाही. ही युतीची अडचण होती असे मानले, तरी ती अडचण प्रचारात मते मागताना सांगितली होती काय, की निवडून आल्यावर आठवली, हा प्रश्न उरतोच. काँग्रेसच्या वैदर्भीय नेत्यांनाही तो तितकाच लागू आहे, कारण विदर्भात विदर्भवादी आणि मुंबईत अखंड महाराष्ट्रवादी असण्याची कला त्यांनी फार आधी साधली होती.

प्रश्न : सभेत आम्हाला माईकच देत नाहीत. मग हे सारे विचारायचे कधी?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : मोठ्या सभेचा नाद सोडावा, ती ऐकवण्यासाठीच असते. व्यापारी संघटना, बार असोसिएशन, गृहनिर्माण संस्था किंवा गावातील मंडळ यांनी उमेदवाराला बोलावलेल्या छोट्या बैठकीत प्रश्नाला जागा मिळते. मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या 48 तासांत जाहीर सभा घेण्यास बंदी असते, तेव्हा हे त्याआधीच करावे. प्रश्न एकच ठेवावा, तो कागदावर लिहून त्याखाली मूळ वाक्य, तारीख आणि ते कोठे छापून आले ते लिहावे, आणि एक प्रत उमेदवाराच्या हाती, एक स्थानिक पत्रकाराच्या हाती द्यावी. सर्व प्रमुख उमेदवारांना त्यांच्या त्यांच्या जुन्या वाक्याबद्दल असा एकेक कागद दिल्यास कोणाचे म्हणून हिणवले जाण्याची भीती कमी होते. उत्तर लेखी मागावे आणि ते आले नाही, तर तेवढेच, कोणतेही विशेषण न लावता, गावाच्या फलकावर लिहावे.