प्रयोगशाळेतला पावसाळा: संशोधक विद्यार्थ्यांचे प्रश्न

जून उजाडला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. मेपर्यंत नीट चाललेला प्रयोग आता का बिघडतो, हे विचारणारे बरेच. त्यातले काही प्रश्न आणि लोकल, पैसे, खरेदी यांबद्दलचे नेहमीचे काही या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टसाठी न्यूट्रिएंट अगारच्या प्लेट्स ओतते. जूनपासून दर खेपेला दहातल्या तीन-चार प्लेट्सवर तिसऱ्या दिवशी बुरशी येते. मीडिया (अगारचं पोषक द्रावण) ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केलेला असतो, ओततेही लॅमिनारमध्येच (गाळलेल्या हवेच्या कपाटातच). चुकतंय कुठे? (वाचक, डोंबिवली)

मीडिया ओतून देण्याआधी बुरशी प्लेटवर नेमकी कुठे उगवली आहे ते पाहा. अर्धं निदान तिथेच होतं. झाकण उघडू नका, प्लेट उजेडासमोर धरा. ठिपका अगारच्या आत खोलवर असेल तर बीजाणू ओतण्याआधीच मीडियात होते. पृष्ठभागावर इकडेतिकडे विखुरलेले ठिपके ओतताना हवेतून पडलेले. आणि बुरशी कडेने सुरू होऊन आत सरकत असेल, तर प्लेट ओतताना नव्हे, साठवताना बिघडली. मुंबईच्या पावसाळ्यात हा तिसरा प्रकार फार, आणि त्यामागे बहुतेक वेळा पाणी असतं.

हे पाणी येतं कुठून? एक तर गरम मीडियाच्या वाफेतून. फ्लास्क हाताला चटका देत असताना ओतलात तर झाकणावर थेंबच थेंब. ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये तो आधी अर्धा तास ठेवा, म्हणजे तळहातावर धरवेल पण फार वेळ नाही, इतपत होईल. ९० मि.मी.च्या प्लेटला २० मि.ली. पुरे, म्हणजे ५०० मि.ली.त साधारण २५ प्लेट्स. ओतल्यावर त्या सुट्या पसरू नका, ढीग करा. वरच्या प्लेटच्या उबेने खालचं झाकण कोमट राहतं आणि त्यावर पाणी कमी जमतं. अगार घट्ट झाला की झाकणं किंचित तिरकी करून चालू लॅमिनारमध्ये १५-२० मिनिटं सुकवा, मग उलट्या करून मूळच्या प्लॅस्टिक पिशवीत, तोंड बंद करून फ्रिजमध्ये.

दुसरं पाणी फ्रिजमधून काढताना. ४ अंशांवरची प्लेट जुलैच्या हवेत आली की थंड बाटलीला सुटतं तसं तिला पाणी सुटतं. ते झाकणाच्या फटीत शिरतं आणि टेबलावरचे बीजाणू सोबत नेतं. म्हणून प्लेट्स पिशवीसकट काढा आणि पिशवी न उघडता अर्धा-पाऊण तास तशाच राहू द्या. पाणी पिशवीला बाहेरून सुटेल. ते पुसा, मग पिशवी उघडा. एवढ्या एका सवयीने कडेची बुरशी बरीच आटोक्यात येते.

आता कापसाचा बोळा. कोरडा असतो तोवर तो गाळणी असतो, भिजला की वात होतो. ओल्या धाग्यांवरून बुरशी बाहेरून आत वाढत येते. कापूस न शोषणारा हवा. मेडिकलच्या दुकानात जखमेसाठी मिळतो तो पाणी पितो, तो नको. बोळ्यावर ब्राऊन पेपर किंवा फॉइल दोऱ्याने घट्ट बांधा. ऑटोक्लेव्हचा दाब उतरण्याआधी घाईने झडप उघडली की मीडिया उसळून बोळ्याला लागतो, म्हणजे बुरशीची राहण्याबरोबर जेवणाचीही सोय! दाब १५ पाउंड, तापमान १२१ अंश, वेळ १५ मिनिटं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ही १५ मिनिटं दाब पूर्ण चढल्यावर मोजायची, आणि त्याआधी झडपेतून आतली हवा निघून जाऊ द्यायची. हवा अडकली तर काटा १५ दाखवतो, तापमान मात्र १२१ला पोचलेलं नसतं. लिटरभर मीडिया एकाच फ्लास्कमध्ये असेल तर मधल्या भागाला तापायला जास्त वेळ लागतो. त्याऐवजी २५० मि.ली.चे चार फ्लास्क करा.

लॅमिनार सुरू केल्याकेल्या ओतायला बसू नका, १५ मिनिटं चालू द्या. ७० टक्के अल्कोहोलने पुसणं योग्यच, पण ते बुरशीच्या बीजाणूंवर भरवशाचं नाही. आठवड्यातून एकदा बाजारातलं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असं करून टेबल आणि इन्क्युबेटरचे कप्पे पुसा, १० मिनिटं ठेवा, नंतर साध्या पाण्याने पुसून काढा, नाहीतर स्टील गंजतं. ब्लीचजवळ आम्ल आणू नका, क्लोरीन सुटतो. कोल्ड रूम आणि इन्क्युबेटरमधले पुठ्ठ्याचे खोके आजच बाहेर काढा. ओला पुठ्ठा म्हणजे बुरशीची नर्सरी. एसीची जाळी कधी धुतली होती, तेही विचारा.

एवढं करूनही उलगडा होत नसेल तर तीन कोऱ्या प्लेट्स घ्या. एक बंदच ठेवा, एक लॅमिनारमध्ये अर्धा तास उघडी ठेवा, एक टेबलावर १५ मिनिटं. तिन्ही २५ ते ३० अंशांवर पाच दिवस. बंद प्लेट बिघडली तर मीडिया किंवा साठवण, लॅमिनारमधली बिघडली तर फिल्टर तपासणाऱ्याला बोलवा. टेबलावरची बिघडणारच, ती तुलनेसाठी. बुरशी आलेल्या प्लेट्स न उघडता ऑटोक्लेव्ह करून मगच टाका.

प्रश्न: ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) सोडियम हायड्रॉक्साइड ४ ग्रॅम तोलून लिटरभर बनवतो. दर वेळी टायट्रेशनचं (थेंबाथेंबाने मिसळून तीव्रता मोजण्याचं) रीडिंग वेगळं. तराजू कॅलिब्रेट केलेला आहे. (वाचक, विरार)

तराजू बरोबरच आहे. तुम्ही ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड तोलत नाही, त्यात पाणी आणि कार्बोनेटही तोलताय. वॉच ग्लासवर ठेवलेल्या पेलेट्स (त्याच्या गोळ्या) दोन मिनिटांत चकाकू लागतात, ती हवेतली ओल. जुलैत तराजूचा शेवटचा आकडा थांबतच नाही, चढत राहतो. तोलून अचूक द्रावण बनवायचा नाद इथे सोडायचा.

५० मि.ली. पाण्यात ५० ग्रॅम पेलेट्स थोड्या-थोड्या विरघळवा. बीकर थंड पाण्याच्या टबात, डोळ्यांवर गॉगल. द्रावण भलतंच तापतं. पॉलिथीनच्या बाटलीत काही दिवस स्थिर ठेवा. इतक्या दाट द्रावणात सोडियम कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचं नितळ साधारण ५.२ मि.ली. घेऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात एक लिटर करा. मग त्याची नेमकी तीव्रता ठरवायला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट ११० अंशांवर दोन तास सुकवून, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या बंद भांड्यात) गार करून सुमारे ०.४१ ग्रॅम अचूक तोला, ५० मि.ली. पाण्यात विरघळवा आणि फिनॉल्फ्थॅलिन हा रंगदर्शक घालून टायट्रेट करा. २० मि.ली.च्या आसपास फिकट गुलाबी रंग टिकायला हवा. मिलिग्रॅममधल्या वजनाला २०४.२२ गुणिले मि.ली. यांनी भागलं की नॉर्मॅलिटी मिळाली. तीन रीडिंग्ज जुळेपर्यंत करा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पुन्हा करा. काचेचं बूच वापरू नका, अडकून बसतं. डेसिकेटरमधली निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा निळी करून घ्या. त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, हाताने चिवडू नका.

प्रश्न: रोज बदलापूर ते परळ. प्रोटीन एक्स्प्रेशनला (जिवाणूंकडून प्रोटीन बनवून घ्यायला) कल्चरची ओडी (गढूळपणा, म्हणजे वाढीचं माप) ०.६ येईपर्यंत संध्याकाळ होते, घरी पोचायला रात्रीचे अकरा. सीनियर म्हणतात, रिसर्च असाच असतो. (वाचक, बदलापूर)

सीनियरचं ऐकू नका, घड्याळ उलटं मोजा. साडेसहाला निघायचं तर सहाला आवराआवर, पाचपर्यंत पेलेट (पेशींचा गोळा) उणे २० अंशांत. सेंट्रिफ्यूजला २० मिनिटं आणि उचलठेव धरून साडेचारला कल्चर काढायचं. ३७ अंशांवर आयपीटीजीनंतर (प्रोटीन बनवणं सुरू करणाऱ्या रसायनानंतर) तीन तास, म्हणजे ते घालणं, इंडक्शन, दीडला. रात्रभराचं कल्चर १:१०० ने ताज्या एलबी मीडियात घातलं की ओडी ०.६ यायला दोन-सव्वादोन तास, म्हणजे हे घालणं, इनॉक्युलेशन, सव्वाअकराला. तुमचा उशीर बहुधा इथेच होतो. मीडिया फ्रिजमधून काढून थेट शेकरवर ठेवला तर तो तापण्यातच तासभर जातो. आदल्या संध्याकाळीच तो ३७ अंशांवर ठेवा. रात्रभरात काही उगवलं तर मीडिया अशुद्ध होता हेही कळेल. फ्लास्क पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भरू नका, हवा कमी पडून वाढ रेंगाळते. प्लास्मिड (पेशीत घातलेलं डीएनएचं वर्तुळ) अॅम्पिसिलिन या प्रतिजैविकाने टिकवलेलं असेल तर रात्रीचं कल्चर सेंट्रिफ्यूज करा, जुना मीडिया ओता आणि पेशी ताज्यात घाला. जुन्या मीडियात बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम साचलेलं असतं. ते नव्या फ्लास्कमधलं अॅम्पिसिलिन खातं आणि प्लास्मिड गमावलेल्या पेशींचं फावतं.

याहून सोपी वाट: दुपारी इनॉक्युलेट करा, ओडी ०.६ला फ्लास्क १८ अंशांपर्यंत गार करा, ०.१ ते ०.५ मिलिमोलर आयपीटीजी घाला, शेकर १८ अंशांवर लावा आणि ट्रेन पकडा. सकाळी १६ तासांनी पेशी काढा. बऱ्याच प्रोटीन्सना हे मानवतंही, विरघळलेल्या रूपात जास्त मिळतात.

कुठे थांबता येतं हेही पाठ असू द्या. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) रात्रभर १० अंशांवर राहतो, इथेनॉलमधला डीएनए उणे २०ला राहतो, पेशींचं पेलेट राहतं. फोडलेल्या पेशींचं द्रावण आणि अर्धवट काढलेला आरएनए मात्र सोडून जायचं नाही. आणि रविवारी मिनिटावर बेतलेले टाइमपॉइंट ठेवू नका, मेगाब्लॉक असतो. अॅप्रन लॅबमध्येच लटकवा. लोकलच्या गर्दीत तो घेऊन फिरणं तुम्हालाही बरं नाही आणि शेजारच्यालाही.

प्रश्न: जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) घेऊन रुजू होऊन चार महिने झाले, पैसे नाहीत. नक्की किती मिळायला हवेत? (वाचक, सांताक्रूझ)

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला (सीनियर फेलोशिपला) ४२,००० रुपये. हॉस्टेल मिळालं नसेल तर वर घरभाडं भत्ता. मुंबई केंद्र सरकारच्या घरभाडं भत्त्याच्या एक्स वर्गात येते आणि २०२४ पासून तिथे दर ३० टक्के आहे, म्हणजे ३७,००० वर ११,१००. हॉस्टेलमध्ये राहत असाल तर हा भत्ता मागू नका, नंतर वसुली लागते.

पैसे अडकतात ते बहुधा कागदात. रुजू झाल्याचा अहवाल, आधार जोडलेलं बँक खातं आणि संस्थेकडून दर महिन्याला पोर्टलवर होणारी हजेरीची पुष्टी, यांतलं एक राहिलं की सगळं थांबतं. पुष्टी एकाने भरायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची असते. दुसरा रजेवर गेला की तुमचा महिना गेला. म्हणून महिनाअखेरीस ऑफिसात स्वतः डोकावा आणि झाल्याचा स्क्रीनशॉट घ्या. थकबाकी एकरकमी येते, पण घरमालक थांबत नाही, तेव्हा पहिल्या वर्षी तीन-चार महिन्यांचं भाडं वेगळं ठेवा. दोन वर्षांनी एसआरएफ आपोआप होत नाही. समितीपुढे सादरीकरण लागतं, त्यात बाहेरचा तज्ज्ञ असतो. तारीख दोन महिने आधीच मागा.

प्रश्न: इन्स्ट्रुमेंटेशनच्या प्रोजेक्टसाठी ऑप-अॅम्प (सिग्नल वाढवणारी चिप) मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेतला, नॉइज डेटाशीटच्या कितीतरी पट. (वाचक, ठाणे)

चिप नकली असू शकते, पण आधी सर्किट तपासा. प्रत्येक सप्लाय पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आहे का? ब्रेडबोर्डवर नॉइज मोजताय का? तसं असेल तर चिपला बोल लावू नका. इनपुट सर्किटच्या ग्राउंडला जोडून सप्लायचा करंट मोजा. डेटाशीटच्या दुप्पट-निम्मा असेल तर मात्र संशयाला जागा आहे. पुढच्या वेळी पूर्ण पार्ट नंबर शेवटच्या अक्षरांसकट लिहून न्या, तीच अक्षरं ग्रेड आणि पॅकेज सांगतात. रेझिस्टर, कनेक्टर, वायर लॅमिंग्टन रोडवर खुशाल घ्या, महागडी अचूक चिप अधिकृत वितरकाकडून. बिल संस्थेच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह, नाहीतर अकाउंट्समधून ते परत येतं.

प्रश्न: उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधल्या ट्यूबवरची मार्करची अक्षरं पुसली जातात. (वाचक, पवई)

अल्कोहोलचा हात लागला की मार्कर जातोच. क्रायो-लेबल (अतिथंडीत टिकणारं लेबल) ट्यूब कोरडी आणि खोलीच्या तापमानाला असताना चिकटवा, बर्फाळ ट्यूबवर ते धरत नाही. लेबल नसेल तर ट्यूबच्या खडबडीत पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलने लिहा. झाकणावर फक्त क्रमांक टाका. तोच क्रमांक, तारीख आणि डब्यातली जागा वहीत बॉलपेनने.