उजेड, उज्यालो आणि फोटोची मालकी

प्रश्न : मी गेली आठ वर्षे लग्नकार्यांचे फोटो काढण्याचा व्यवसाय करते. येत्या ऑक्टोबरात सहा आठवडे नेपाळमधील ललितपूर येथील एका वसतिगृहात राहून चौदा गरीब मुलींना छायाचित्रण शिकवण्याचे ठरवले आहे. जुने डिजिटल कॅमेरेही जमवले आहेत. सुरुवात कशी करावी? आणि परत आल्यावर मुलींच्या फोटोंचे प्रदर्शन भरवले, ते फेसबुकवर टाकले तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कॅमेऱ्यांच्या आधी वसतिगृहाची चौकशी करा, असे सांगितले तर ते विषयाला सोडून वाटेल, पण माझ्या मते कामाची सुरुवात तिथूनच होते. नेपाळमधील बालगृहे काठमांडू, ललितपूर, कास्की, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच्या जिल्ह्यांत दाटलेली आहेत. तेथील पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात; शिक्षणाची आशा दाखवून त्यांना डोंगरातल्या गावांतून आणलेले असते आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्या हेच काही चालकांचे उत्पन्न असते. म्हणून संस्था तेथील समाज कल्याण परिषदेशी संलग्न आहे का, हे पाहाच, शिवाय एक साधा प्रश्न विचारा : दशैंला मुली कुठे जातात? आपल्या दसऱ्याच्या सुमारास येणाऱ्या त्या सणाला नेपाळी माणूस घरची वाट धरतो. मुलींना घर असूनही कोणी जाऊ देत नसेल, तर तिथे जाऊ नका. मुली घरी जात असतील, तर ऑक्टोबरात तुम्हाला रिकामे वसतिगृह भेटेल, तेव्हा तिहार, म्हणजे तिथली दिवाळी, उरकल्यावरच जाणे सोयीचे.

शिकवताना पहिला आठवडा ॲपर्चर आणि शटरचे नावही काढू नका. नेपाळी देवनागरीतच लिहितात आणि आपला ‘उजेड’ तिथे ‘उज्यालो’ होतो, ‘अंधार’ ‘अँध्यारो’ होतो. मी तिथे शिकवायला गेले होते, तेव्हा या दोन शब्दांवर माझे पहिले चार दिवस निभावले होते. दोघींत एक कॅमेरा द्यावा आणि खिडकीपाशी एकीने दुसरीचा हात टिपावा, एवढा धडा पुरतो. माझ्या वर्गातली तेरा वर्षांची एक मुलगी सलग तीन दिवस जिन्यातल्या एकाच पायरीचे फोटो काढत होती. सकाळी सातच्या सुमारास तिथे उन्हाचा एक कवडसा पडे आणि दहा मिनिटांत सरके. मला वाटले, तिला प्रकाशाचे मर्म कळले. ते कळले होतेच, पण आईचा फोन आला की ती त्याच पायरीवर बसून बोलत असे, हे तिने चौथ्या दिवशी सांगितले. तिला मी विषय नेमून दिला असता तर तो फोटो झालाच नसता.

२०१६ साली वॉटरएड या संस्थेने नेपाळच्याच सिंधुली जिल्ह्यातील किशोरवयीन मुलींच्या हाती कॅमेरे दिले होते. पाळीच्या दिवसांत ज्याला शिवायचे नाही, ज्यात पाहायचे नाही, ते त्या मुलींनी टिपले : आरसा आणि कंगवा, झाडावरची फळे. ‘कावळा शिवला’ म्हणून ज्यांना बाजूला बसवले गेले, त्या आपल्याकडच्या वाचकांना त्या आरशाविषयी वेगळे सांगायला नको. बाहेरच्या छायाचित्रकाराला तिथे नुसता आरसा दिसला असता.

प्रदर्शनाविषयी माझे मत स्पष्ट आहे : फोटो ज्या मुलीने काढला, तो तिचा आहे. मी हे स्वतः चूक करूनच शिकले. एका मुलीचा चेहरा मी तिच्या नावासह फेसबुकवर टाकला. तिने हो म्हटले होते, पण दिदीला नाही कसे म्हणायचे, एवढाच त्या होकाराचा अर्थ होता. तो फोटो तिच्या गावी पोचला आणि त्यानंतर तिने कॅमेरा हाती घेतला नाही. तेव्हा आधी मुलींना चार बाय सहाच्या प्रती काढून द्या, कोणता फोटो दाखवायचा आणि कोणता ट्रंकेत ठेवायचा हे त्यांना निवडू द्या, आणि परवानगी एकदा नव्हे, तर दोनदा, मध्ये काही दिवस जाऊ देऊन, मुलीची आणि पालकांचीही घ्या. पहिले प्रदर्शन त्यांच्या वस्तीत भरवा, सांगलीत नंतर. चेहरा, नाव आणि ठिकाण एकत्र कधीच देऊ नका. मोबाइलच्या फोटोत ठिकाण आपोआप नोंदले जाते, तेही आधी बंद करा.

सहा आठवडे फार थोडे असतात. पहिल्या दिवसापासून तेथील एखादी शिक्षिका वर्गात सोबत असू द्या आणि निघताना कॅमेरे तिच्या ताब्यात द्या. त्यांच्या बॅटऱ्या आणि चार्जर शक्यतो एकाच प्रकारचे आहेत ना, हे मात्र सांगलीतच तपासून घ्या, कारण जुन्या कॅमेऱ्याचा चार्जर हरवला की तो कॅमेरा बहुधा कपाटातच जातो.