दाढ काढली, दुखणं तसंच

सकाळी उठलं की कानशिलं जड, जांभई देताना कानापुढं कट्‌कन वाजतं, भाकर चावताना गालफड भरून येतं आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. अशी माणसं माझ्यासारख्या समुपदेशकाकडं शेवटी येतात. आधी दाताचा डॉक्टर झालेला असतो, मग कानाचा. प्रश्न बहुतेकांचा एकच: दुखण्यानं झोप उडाली, की झोप उडाल्यानं दुखणं लागलं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं सांगते, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. चाळिशीच्या असतील. तालुक्याला जाऊन दाढ काढून आलेल्या. "दाढ गेली, पैसा गेला, दुखनं तं तसंच हाये मॅडम." बोलता बोलता गप्प झाल्या की त्यांच्या कानाखाली गालात एक गाठ उमटायची आणि विरायची. मी त्यांना गालावर बोटं ठेवून दात आवळायला सांगितलं. "हे काय वो, दगडावानी?" तो चावण्याचा स्नायू. खाणंपिणं सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायची गरजच नसते. ताई मात्र दिवसभर दात आवळूनच वावरत होत्या.

आणि रात्री? हरभऱ्याचं ओलीत चालू होतं, कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत. नवरा टॉर्च घेऊन वावरात. साप, रानडुक्कर, ओल्या हातानं स्टार्टरला लागणारा करंट, यातलं काय खोटं आहे? "हे घरी येईस्तोवर मले झोप नाई." जागं राहायला सुपारी चघळायच्या, म्हणजे आधीच थकलेल्या जबड्याला आणखी मजुरी.

झोप आणि जबडा एकमेकांना बिघडवतात, पण सुरुवात बरेचदा झोपेकडून होते. अमेरिकेतल्या 'ऑपेरा' नावाच्या मोठ्या अभ्यासात जबडा न दुखणाऱ्या माणसांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना पुढं दुखणं लागलं, त्यांची झोप आधीच्या महिन्यांत ढासळत गेलेली होती. अपुऱ्या झोपेनं दुखणं दाबण्याची मेंदूची ताकद कमी पडते. 'रात्री दात खातो म्हणून दुखतं' हा समजही तपासून पाहावा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जबड्याच्या ५३ रुग्णांची रात्रभर यंत्रांवर झोप तपासली. दात खातो असं सुमारे तीन चतुर्थांशांनी सांगितलं होतं; यंत्रावर ते १७ टक्क्यांतच दिसलं. निद्रानाश मात्र ३६ टक्क्यांना होता.

म्हणून आम्ही झोपेपासून सुरुवात केली. 'काळजी करू नका' हे मी म्हटलं नाही. धोका खरा असताना त्या शब्दांचा उपयोग नसतो. नवऱ्याला बोलावलं. गमबूट, शेजारच्या वावरातल्या गड्यासोबत जाणं आणि पंप चालू झाला की एक फोन, एवढं ठरलं. फोन आला की ताईंची राखण संपली. नऊपासून खाटेवर पडून वाट पाहणं बंद. डोळे जड झाल्यावरच आडवं व्हायचं. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून बसायचं. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ एकच. सुपारी बंद, हे सगळ्यात जड गेलं.

जबड्यासाठी: ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागं टाळूला. आठवण राहावी म्हणून कापूस ओटीत टाकताना दर वेळी तोंड तपासायचं. संध्याकाळी गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याचा शेक, आणि काही दिवस कडक भाकरीऐवजी दुधात कुस्करलेली.

दोनेक महिन्यांत सकाळचं जडपण बरंच उतरलं. रात्रपाळीच्या आठवड्यात अजून थोडं दुखतं, पण दुसरी दाढ काढायचा विचार त्यांनी सोडला.

सगळ्यांचं दुखणं असंच नसतं. मोठ्यानं घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर आधी डॉक्टर गाठा. नैराश्याच्या काही गोळ्यांनीही दात आवळले जातात. गोळी स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना सांगा. आणि आपल्याकडं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, घरोघरी, म्हणून हे हमखास विचारते: तीन बोटं उभी तोंडात जातात का? तोंड उघडणं कमी होत चाललंय, तिखटानं आग होते, आतून गाल पांढरट, ताठर लागतो, असं असेल तर माझ्याकडं येण्याआधी दंतवैद्याला तोंड दाखवा.