‘इतर’चा गठ्ठा टाकू नकोस

तुझं पत्र दोनदा वाचलं. पूर, भूकंप, आग, स्फोट असे रकाने आखून आपत्तीतून गेलेल्या लोकांच्या सगळ्या मुलाखती वाटून टाकल्यास, कुठेच न बसलेल्या ‘इतर’मध्ये ढकलल्यास आणि आता विचारतेस, यातून सिद्धान्त कसा निघणार? नाही निघणार. संकट कशामुळे आलं एवढंच ते रकाने सांगतात. माणसं त्या वेळी कशी वागली, हे त्या रकान्यांना तू विचारलंच नाहीस.

आधी प्रश्न, मग रकाने. ओहायो स्टेट विद्यापीठात 1963 साली आपत्ती संशोधन केंद्र सुरू झालं. तिथल्या क्वारंटेली आणि डाइन्स या समाजशास्त्रज्ञांनी मदतीला उतरणाऱ्या संघटनांबद्दल दोनच गोष्टी विचारल्या. काम नेहमीचं की नवं? रचना जुनी की नवी? त्यातून चार घरं पडली. वाहतूक सांभाळणाऱ्या पोलिसांचं दोन्ही जुनं. ढिगारा उपसणाऱ्या बांधकाम कंपनीची रचना जुनी, काम नवं. रेडक्रॉससारख्या संस्थेचं काम ठरलेलं, पण स्वयंसेवक येऊन मिळतात आणि रचना बदलते. चौथ्या घरात आदल्या दिवशी नसलेले गट. पूर असो की भूकंप, ही घरं तशीच राहतात, म्हणून तुलना करता येते. कुठल्या घरातल्यांना समन्वय जड जातो आणि का, हे विचारता येतं. आधी प्रश्न, बाई!

माझ्या प्रबंधाच्या वेळी माझ्याकडेही ‘इतर’चा गठ्ठा होता. त्यात एका बाईंची मुलाखत होती. शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर त्या बेपत्ता माणसांची नावं लिहीत बसल्या होत्या. कुणी नेमलं नव्हतं. दुपारपर्यंत फावडी कुठल्या गल्लीत न्यायची, हेही लोक त्यांनाच विचारू लागले. मी ती मुलाखत किरकोळ म्हणून बाजूला ठेवली, कारण प्रबंध वेळेत द्यायचा होता. त्याची बोच अजून आहे. पुढे त्याच गठ्ठ्यापायी सहा वर्षं एकही लेख छापायला दिला नाही. सहकारी त्याला हेका म्हणाले. म्हणोत. घाईत आखलेल्या रकान्यांवर एकदा पदवी मिळवली होती, पुन्हा तेच करायचं नव्हतं.

‘इतर’ गाळलं की तक्ता सुटसुटीत होईल, असं तुझे मार्गदर्शक म्हणतात. होईल की. पण जे कुठेच बसलं नाही, तेच तुझा प्रश्न चुकलाय हे सांगतंय. तक्ता सध्या मिटून ठेव. त्या मुलाखती टिपणांसकट मला पाठव आणि प्रत्येकीवर पेन्सिलीने एक ओळ लिही, ही कुठल्याच रकान्यात का बसली नाही.